कोरड्या पाट्याचं पाणी

निंबवळी हे गाव तसं लहानच. एका अंगाला खडकाळ टेकडी, दुसऱ्या अंगाला ओढा आणि ओढ्याच्या कडेनं माळ्यांचे मळे. त्या ओढ्याकाठी महादेवाच्या ओवरीत साळोबा महाराज एका आषाढात येऊन उतरले, ते पुढे सहा वर्षं तिथेच राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात नारळाची करवंटी आणि मुखात नाम, एवढाच त्यांचा संसार. महाराज बोलत फार थोडं. कुणी तासभर गाऱ्हाणं गायलं तरी महाराजांचं उत्तर दोन-तीन शब्दांचं. पण भाविकहो, त्या दोन-तीन शब्दांत माणसाचं सगळं आयुष्य मावायचं! फक्त ते नीट ऐकता आले पाहिजेत. ही कथा महाराजांच्या अशाच एका शब्दाची आहे. आणि तो शब्द वेदातला नाही की पुराणातला नाही, चुलीजवळचा आहे.

निंबवळीत तात्याबा माळ्याचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. घरात सत्ता मात्र तात्याबाची नव्हे, त्याच्या बायकोची, बयजाबाईची. बयजाबाईचं हिरवं वाटण पंचक्रोशीत गाजलेलं. कोवळी कोथिंबीर देठांसकट, लसणाची हिरवी पात, लवंगी मिरच्या, आल्याचं बोटभर कांडं, पुदिन्याची चार पानं आणि वर खडेमीठ. बस, एवढंच. हे सगळं ताजं खुडायचं आणि लगेच पाट्यावर घ्यायचं. भाजी वांग्याची असो की घेवड्याची, हे वाटण तिच्यात पडलं की वास ओढ्यापलीकडे जायचा. मीठसुद्धा त्या वाटणातलंच. बयजाबाई भांड्यात वेगळं मीठ कधी टाकत नसे. वाटण काढून झालं की पाटा धुवायचा आणि ते पाट्याचं पाणीही भाजीतच ओतायचं, वाया काही घालवायचं नाही, ही तर घरोघरची रीत.

बयजाबाईच्या नाकाची तर वेगळीच ख्याती होती. कुणाच्या अंगणातून नुसती गेली तरी सांगायची, "सूनबाई, आज लसूण जून पडलाय बरं का!" आणि ते खरं निघायचं. आता एवढं असल्यावर माणूस फुगणार नाही तर काय! बयजाबाई फुगली होती. मात्र एक गोष्ट ती कधी बोलायची नाही. वाटणाचं माप तिचं असलं, तरी पाट्याशी बसून वाटणारे हात दुसऱ्याचे होते. ते तिच्या धाकट्या जावेचे, ठकूचे.

ठकूचा नवरा मल्हारी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पटकीत गेला. त्याच साथीत ठकूचं माहेरही बसलं. आई गेली, बाप गेला, पाठीला भाऊ नव्हताच. या घराच्या उंबऱ्याबाहेर तिला झाड आणि आभाळ, एवढंच काय ते नातं उरलं होतं. स्वभावानं इतकी भोळी की कानावर शब्द जसा पडेल तसा उचलायची. नवी नवरी असताना खंडोबापुढे सासू म्हणाली, "पोरी, नारळ वाढव." म्हणजे फोड. देवापुढचा नारळ फोडायचा असं आपण तोंडानं म्हणत नाही, वाढवायचा म्हणतो. ठकू आत गेली आणि आणखी एक नारळ घेऊन आली! एकाचे दोन केले, वाढवला! ही गोष्ट बयजाबाईनं बारा वर्षं गावाला सांगून सांगून झिजवली होती. "नाव ठकू आन् जन्माची ठकलेली," असं ती चारचौघींत म्हणायची आणि ठकूही त्या चारचौघींबरोबर हसायची. पाट्याशी बसली की वरवंट्याच्या पुढच्या फेऱ्याला 'मल्हारी', मागच्या फेऱ्याला 'मार्तंड' असं तिचं नाम चाले. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये, पण देवाचं घ्यायला कोण आडवं येणार? असो.

त्या साली मार्गशीर्ष लागला आणि गावावर धुई उतरली. ओळीनं तीन सकाळी असं दाट, ओलं धुकं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि माळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाफ्यांतली कोथिंबीर काळी पडून मातीला चिकटली होती. लसणाची पात, पुदिना, कोवळं हिरवं म्हणून जे जे होतं ते सगळं गेलं. वाचला तो एकच वाफा, तात्याबाचा. टेकडीच्या पोटात, शेवरीच्या दाट कुंपणाआड होता म्हणून वाचला.

आणि चंपाषष्ठी दोन दिवसांवर आलेली! खंडोबाचं कुळ असलेल्या घरांत चातुर्मासापासून कांदा, लसूण, वांगं बंद असतं. ते सुटायचं चंपाषष्ठीला, देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. गरिबाच्या घरीही त्या दिवशी एक तरी वांगं भाजतात. पण त्या भरितावर टाकायला यंदा कुणाच्या घरी हिरवी काडी नव्हती.

बाया बयजाबाईच्या कुंपणाशी येऊ लागल्या. बयजाबाईनं प्रत्येकीला दारातूनच वाटेला लावलं. "देवानं एकीचाच वाफा राखला, त्यात काय तरी कारण असंल की!" असं ती म्हणायची. शेवटी तान्हूबाई कुंभारीण आली. म्हातारी एकटी, पाठीत वाकलेली. म्हणाली, "बयजे, मूठभर नगं. एक काडी दे. देवापुढं ठेवायला."

बयजाबाई हसली. "म्हातारे, तुझ्या डब्यात मीठ न्हाई, आन् वाटणाचा थाट कशाला?"

म्हातारी वळली. पदरानं तोंड पुसून गेली. परसात पाटा घासत असलेल्या ठकूनं हे ऐकलं आणि तिचा हात थांबला. बयजाबाईनं तेही पाहिलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी ती महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. ओवरीत दहा-वीस माणसं होती. सर्वांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "महाराज, यंदा चंपाषष्ठीला आमच्या घरला पाय लागू द्या. चाळीस पानं वाढनार हाय. यंदा गावात नैवेद्याला खरी चव असंल तर ती आमच्याच घरात असंल."

महाराजांनी डोळे उघडले. विचारलं, "वाटण कोण वाटतं?"

बयजाबाईच्या नाकाला मिरची झोंबली. "माप माझं असतंय महाराज. वाटायला आमची धाकटी जाऊ बसती, ठकू."

"मग येतो," महाराज म्हणाले आणि डोळे मिटले.

'मग येतो!' वाटभर बयजाबाई तेच घोकत राहिली. घरी येऊन भांडी आपटत म्हणाली, "कानामागून आली आन् तिखट झाली!" ठकूला काय झालं ते कळलंच नाही. तिनं आपली भांडी उचलून जागेवर ठेवली.

चंपाषष्ठी उजाडली. सकाळीच बयजाबाईनं ठकूला टोपली दिली. "समदा वाफा खुड. मिरच्या, पात, पुदिना, काय ठेवू नगं. आन् येता येता महाराजास्नी इचार, तिखट सोसंल का, समदं वाटू का निम्मं. ते सांगतील तसं कर." आणि मग बोट रोखून म्हणाली, "ठके, आज चाळीस मानसांत माझं नाक हाय. आज तू काय इपरीत केलंस, तर तुझं बोचकं आन् तू. ह्या उंबऱ्याच्या आत परत पाय टाकायचा न्हाई. समजलं?"

"समजलं, आक्का," ठकू म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण टोपली डोक्यावर घेऊन ती गेली.

बयजाबाई पुढच्या पडवीत वांगी भाजायला बसली. आहारावर, लाल निखाऱ्यांवर, वांगी तडतडत होती, तात्याबा रोडगे उलथत होता, शेजारच्या दोघी हाताशी होत्या. दिवस बराच वर आला. आणि मग बयजाबाईला काही वेगळं जाणवलं. गावात वरवंटे वाजत होते. कुंभारवाड्याकडून वाजत होते, वरच्या आळीतून वाजत होते, थेट वेशीकडूनही आवाज येत होता. खर्र, खर्र, खर्र. आज काय वाटतात या बाया? हिरवी काडी तर कुणाकडे नाही! तिला नवल वाटलं, पण वांगी करपत होती, तिकडे तिनं लक्ष घातलं. आपल्याच परसातून तेवढा आवाज येत नाही, हे तिच्या ध्यानात जरा उशिरानं आलं.

ती मागे गेली. पाट्याशी ठकू बसली होती. हात मांडीवर, टोपली शेजारी पालथी.

"वाटलंस का गं?"

"वाटलं, आक्का."

"समदं?"

"समदं. महाराजांनी सांगितलं, समदं वाट. काडीसुदीक मागं ठेवू नगं."

"मग आन की चुलीपाशी!"

ठकूनं मान वर केली. "काय आनू?"

"वाटन गं! वाटलंस न्हवं?"

"वाटलं की." ठकूचा चेहरा उजळला होता. "पयली मूठ तान्हूबाईला दिली. मग वरच्या आळीला. मग जी जी कुंपनाशी आली व्हती, तिच्या तिच्या घरला. शेवटची काडी वेशीपाशी सरली बगा. कुनी मागं ऱ्हायलं न्हाई."

बयजाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. तिनं टोपली उलटी केली, सुलटी केली. तळाला कोथिंबिरीचं एक पानसुद्धा नव्हतं. तिनं पाट्यावरून हात फिरवला. पाटा खडखडीत कोरडा, धुळीचा थर बोटाला लागला. चाळीस पानं, महाराज स्वतः येणार, आणि ही बया सगळा वाफा गावात वाटून मोकळी! बयजाबाईनं किंकाळी फोडली. 

"अगं, वाटायला म्हंजे पाट्यावर! पाट्यावर वाटायला सांगितलं व्हतं तुला!"

ठकूनं एकदा पाट्याकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे. मग तिला कळलं.  "महाराज 'वाट' म्हनाले तवा तान्हूबाई समोर बसली व्हती... महाराज तिच्याकडंच बगत व्हते... मला वाटलं..."

"तुला वाटलं! तुला वाटलं म्हनून वाटलंस!"

आवाज ऐकून माणसं परसाच्या दाराशी जमली. पानावर बसायला आलेली पाहुणेमंडळीही आली. गोष्ट समजली तशी कुणी तोंडावर हात ठेवला, कुणी खो खो हसलं. "नारळ वाढवल्याली हीच काय?" कुणीतरी म्हणालं आणि हशा आणखी पसरला. ज्या नाकासाठी बयजाबाई जपत होती ते चाळीस माणसांत कापलं गेलं होतं. ती तशीच आत घुसली. ठकूचं लुगडं, एक वाकळ, मल्हारीचं जुनं मुंडासं, एवढंच ते बोचकं. तिनं ते पुढच्या दारातून रस्त्यावर भिरकावून दिलं.

"अगं, देवाचा दिस हाय," तात्याबा पुटपुटला.

"मग देवालाच सांगा हिला संबाळायला!"

ठकू रडली नाही. ती पाट्यापाशीच उभी होती, तो शेवटचा पाहून घेतल्यासारखी त्याच्याकडे पाहत होती. मग पदर सारखा करून ती दाराकडे निघाली.

आणि दारात महाराज उभे होते.

भाविकहो, महाराज कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं. त्यांच्या पायांशी धुळीत ते बोचकं पडलं होतं. महाराजांनी ते ओलांडलं नाही, उचललंही नाही. ते तिथेच उभे राहिले आणि विचारलं, "ठकू, पाटा धुतलास का?"

"आज पाट्यावर कायच वाटलं न्हाई, महाराज. कोरडा हाय."

"पाटा धू. पाट्याचं पाणी भरितात घाल."

बयजाबाईला एवढ्या संतापातही हसू आलं. महाराजांसमोर असं हसू नये हे तिला कळत होतं, पण जीभ आवरेना. "घाला, घाला! दगडाचं धुवन घाला! आज गाव माझ्या घरी दगडाची चव बगनार!"

हसणारे पुन्हा हसले. महाराज बोचक्याला वळसा घालून आत, परसाच्या दारापर्यंत आले.

ठकू मागे फिरली. तिनं तांब्याभर पाणी घेतलं, पाट्याखाली परात लावली, आणि 'मल्हारी मार्तंड' म्हणत पाण्याची धार सोडून पाट्यावरून तळवा ओढला.

परातीत उतरलेलं पाणी हिरवं होतं.

आधी कुणाला समजलंच नाही. हसणं अर्ध्यावर तसंच राहिलं. ठकूनं पुन्हा तळवा ओढला आणि आणखी हिरवं, दाट, साईसारखं पाणी पाट्यावरून घरंगळलं. आणि मग वास सुटला! कोथिंबिरीचा, लसणाच्या पातीचा, मिरचीचा, नुकत्या खुडलेल्या, नुकत्या वाटलेल्या हिरव्याचा वास त्या परसात असा भरला की पुढे उभ्या असलेल्या एका पाहुण्याला ठसका लागला. ठकू घाबरून मागे सरकली. तिनं आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. तो हिरवागार झाला होता.

"ही काय भानगड हाय?" बयजाबाई ओरडली. "हितं कुनीतरी आदीच वाटून ठेवलंय! सरक!"

तिनं ठकूला बाजूला सारलं. तांब्या हिसकावून घेतला, दुसरी परात लावली, आणि स्वतःच्या हातानं पाटा धुतला. खसाखसा धुतला. परातीत पाणी उतरलं ते नितळ, तळ दिसेल असं. तिनं पुन्हा ओतलं. पुन्हा नितळ. तिसऱ्यांदा तिनं वरवंटा घेऊन पाटा रगडला, बोटं सोलवटली, तरी पाण्याला रंग म्हणून नाही. शेजारी ठकूची परात हिरवीगार भरलेली, आणि हिच्या परातीत पाट्याची धूळ!

बयजाबाईच्या हातातून तांब्या गळाला. हे तिच्या परसात, तिच्या पाट्यावर, तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.  परसात उभी असलेली चाळीस माणसं त्या दोन परातींकडे पाहत होती.

"भरितात घाल," महाराज पुन्हा म्हणाले.

ठकूनं परात नेली आणि थोडं पाणी भरितात ओतलं. वास आणखी मोकळा झाला. आणि तिथे बयजाबाईचं नाक, ते पंचक्रोशीत गाजलेलं नाक, आपोआप ताठ झालं.

"ह्यात तीळ हाईत," ती एकदम म्हणाली. "भाजल्याले तीळ. माझ्या वाटनात तीळ कवाच नसतात!"

एव्हाना मागच्या कुंपणाशी बायांची गर्दी जमली होती. नैवेद्याची ताटं घेऊन त्या महाराजांच्या दर्शनाला आल्या होत्या. त्यांतली वरच्या आळीची एक सून पुढे आली. "तीळ म्या घातले, बयजाबाई. ठकूबाईनं दिल्याली कोथमीर थोडी व्हती, म्हनून मूठभर तीळ वाटले संगट."

बयजाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पुन्हा वास घेतला. "आन् सुकं खोबरं..."

"ते माझ्या पाट्यावरचं," दुसरी म्हणाली.

"कडीपत्त्याची पानं..."

"माझी वो, माझी!" वेशीकडची म्हणाली. 

एकेक वास बयजाबाई ओळखत गेली आणि एकेक बाई "माझा" म्हणत गेली. ज्या ज्या पाट्यावर सकाळी ठकूची मूठ वाटली गेली, त्या त्या पाट्यावरचं सगळं या कोरड्या पाट्यावरून उतरलं होतं! सकाळी गावभर वाजणारे वरवंटे बयजाबाईला आठवले. तिच्याच वाफ्यातलं होतं ते, तिनं ज्यांना दारातून परतवलं त्यांच्या हातांनी वाटलेलं.

तात्याबानं तळी भरली. 'येळकोट येळकोट जय मल्हार' झालं, भंडारा उधळला. देवाला नैवेद्य दाखवला, कुत्र्याला घास ठेवला. मग महाराज पानावर बसले. पहिला घास त्यांनी हातात घेतला आणि स्वतःच्या तोंडात न घालता बयजाबाईपुढे धरला.

"माय, वास झाला. आता चव बघा."

बयजाबाईनं घास तोंडात घातला. आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"महाराज," ती कशीबशी म्हणाली, "ह्याला मीठ हाय."

"मग?" तात्याबानं विचारलं.

"अवो, मीठ माझ्या वाटनात असतंय! भरितात म्या येगळं घालीत न्हाई. आज वाटन झालंच न्हाई, मीठ म्या हातात धरलंच न्हाई. मग हे कुठलं मीठ?" ती कुंपणाकडे वळली. "तीळ तुजे. खोबरं तुजं. मीठ कुनाचं? सांगा की! मीठ कुनी घातलं?"

 बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रत्येकीच्या नैवेद्यात मीठ होतं. पण ही चव नुसत्या खड्याची नाही, हे बयजाबाईच्या जिभेला कळत होतं. मग सर्वांच्या मागून तान्हूबाई कुंभारीण काठी टेकत पुढे आली. तिच्या हातात लहानशी थाळी होती, थाळीत एक वांगं आणि त्यावर हिरवा ठिपका.

"माज्या घरात तर मीठच न्हवतं, बयजे," म्हातारी म्हणाली. "तुला ठावं हाय. नुसतंच हिरवं वाटीत बसले. ठकूनं हाक मारून मूठ हातात ठिवली व्हती, त्येच आटवत व्हतं. डोळ्यांतलं पानी पाट्यावर पडलं. पुसायला गेले, तर त्येबी वाटलं गेलं."

बयजाबाई उभी होती ती खाली बसली. 'तुझ्या डब्यात मीठ नाही' हे तिचेच शब्द होते, याच परसाच्या कुंपणाशी बोललेले, आणि आज त्याच म्हातारीच्या डोळ्यांतलं मीठ तिच्या देवाच्या नैवेद्याला पुरलं होतं! तिनं महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले, पण महाराजांनी पाय मागे घेतले.

"महाराज, चुकले," ती रडत म्हणाली. "पन एक सांगा. तुमी कुठलं वाटायला सांगितलं व्हतं? पाट्यावर का लोकांत?"

महाराज हसले. सहा वर्षांत गावानं त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "माय, आम्ही एकच शब्द बोललो. तुम्ही ऐकला असतात तर तुम्हाला पाटा आठवला असता. ठकूला माणसं आठवली." मग म्हणाले, "आमचे पाय कशाला धरता? रस्त्यावर काय पडलंय, ते आधी बघा."

बयजाबाई उठली. पाहुण्यांची पंगत, कुंपणापाशी बाया, सगळं गाव बघत होतं. ती त्या सर्वांमधून पुढच्या दारी गेली. धुळीतलं बोचकं तिनं दोन्ही हातांनी उचललं, झटकलं आणि आपल्या डोक्यावर घेतलं. ज्या डोक्यावर सासूसुद्धा कधी घागर देत नसे, त्या डोक्यावर! ते घेऊन ती उंबरा ओलांडून आत आली, बोचकं पाट्याशेजारी ठेवलं आणि ठकूच्या पायांवर कपाळ टेकलं.

"आक्का! अवो आक्का, मला पाप लागंल!" ठकू एवढी दचकली की पळायलाच निघाली. थोरली जाऊ धाकटीच्या पायांशी, हे निंबवळीत कुणी पाहिलं नव्हतं. बयजाबाईनं तिचा हिरवा तळवा घट्ट धरून ठेवला आणि तो आपल्या कपाळाला लावला. मगच तिनं महाराजांना नमस्कार केला, आणि या वेळी महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत.

त्या दिवशी चाळीस पानांवर साठ माणसं जेवली. तान्हूबाईचं पान बयजाबाईनं स्वतः महाराजांशेजारी मांडलं. परातीतलं पाट्याचं पाणी भरितात गेलं, आमटीत गेलं, पानापानावर वाढलं गेलं. आणि शेवटचं पान उठलं तेव्हा ते सरलं. पाटा पुन्हा पहिल्यासारखाच कोरडा झाला.

पुढे कितीतरी वर्षं निंबवळीत चंपाषष्ठीला पहिली मूठ कुंपणाशी जायची आणि मगच घरचा वरवंटा हलायचा. बयजाबाई म्हातारी झाली, नाक बोथट झालं, पण सकाळी मळ्यातून टोपली आली की तिची हाक ठरलेली असे. "ठके, वाटायला घे गं!"

आणि ठकूचाही प्रश्न ठरलेला असे. "कुठलं वाटायचं, आक्का?"

"आदी लोकांत," बयजाबाई म्हणायची. "मग पाट्यावर."